काडीमोड ते अंतिम आदेश : सुटकेची किंमत आणि तिच्या पायऱ्या



गेल्या हिवाळ्यात रविवारची वंदना आटोपल्यावर विहारात येणाऱ्या एक ताई लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ बसल्या. मी संगणकक्षेत्रात नोकरी करतो, म्हणून त्यांना एक सरकारी अर्ज भरायला मदत हवी होती. अर्ज घटस्फोटाचा होता. सारी माहिती भरून झाल्यावर शेवटी शुल्काचा आकडा आला : ६१२ पौंड. त्या क्षणभर थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, पैशांचं बघता येईल. पण बौद्ध घरातली बाई कोर्टात गेली म्हणून लोक काय म्हणतील?" त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. पुढे इतिहास वाचताना ते सापडले, ते येथे मांडतो.

ज्या इंग्लंडमध्ये आज हा अर्ज घरबसल्या भरता येतो, तेथे १८५७ पर्यंत घटस्फोट हा केवळ धनिकांचा विशेषाधिकार होता. त्याच्या तीन पायऱ्या होत्या. पतीने प्रथम पत्नीच्या प्रियकरावर नुकसानभरपाईचा दावा लावायचा. मग धर्मपीठाच्या न्यायालयातून विभक्त राहण्याचा हुकूम मिळवायचा. आणि शेवटी स्वतःपुरता एक खास कायदा संसदेकडून संमत करून घ्यायचा. १८४५ मध्ये वॉरिक येथे एका गरीब मजुरावर द्विभार्येचा खटला चालला. पहिली पत्नी त्याला सोडून गेली होती आणि त्याने दुसरे लग्न केले होते. न्यायाधीशाने उपरोधाने त्याला या तीनही पायऱ्या समजावून सांगितल्या आणि त्यांचा खर्च सुमारे हजार पौंड येईल, असे सुनावले. कायदा सर्वांना सारखाच होता. त्याच्या दारापर्यंत पोहोचण्याचे भाडे मात्र मजुराच्या आवाक्याबाहेरचे होते. स्त्रियांची अवस्था तर याहून बिकट. संसदेच्या या मार्गाने आपल्या अर्जावर घटस्फोट मिळालेल्या स्त्रिया संपूर्ण इतिहासात अवघ्या चार.

१८५७ च्या कायद्याने हे काम लंडनमधील नव्या न्यायालयाकडे सोपवले. तरीही पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते, तर पत्नीला व्यभिचारासोबत क्रौर्य, परित्याग किंवा तत्सम दुसरा दोषही सिद्ध करावा लागे. ही विषमता १९२३ मध्ये संपली. १९४९ च्या कायद्याने सरकारी खर्चाने वकील मिळू लागला, तेव्हा कुठे सामान्य कामगार स्त्रीला न्यायालयाची पायरी चढणे परवडू लागले.

या इतिहासाचा एक धागा थेट मुंबईशी जोडलेला आहे. रखमाबाईंचा विवाह त्या अकरा वर्षांच्या असताना झाला. मोठेपणी त्यांनी पतीकडे नांदायला जाण्यास नकार दिला, तेव्हा पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. तो 'दाम्पत्य हक्कां'चा होता आणि ही कल्पना मुळात इंग्लंडच्या धर्मपीठांतून आलेली. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला. पण अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. विलक्षण गोष्ट अशी की, असा हुकूम मोडल्याबद्दल तुरुंगात टाकण्याची तरतूद खुद्द इंग्लंडने १८८४ मध्येच रद्द केली होती. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. घटस्फोट मात्र मिळाला नाही, कारण तो देणारा कायदाच त्यांच्यासाठी नव्हता. पुढे त्या लंडनला आल्या, डॉक्टर झाल्या आणि परत जाऊन त्यांनी सुरत व राजकोट येथे अनेक वर्षे रुग्णसेवा केली. हाच 'दाम्पत्य हक्क' इंग्लंडने १९७० च्या कायद्याने मोडीत काढला. भारताच्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये तो आजही नांदतो आहे.

आपल्या पूर्वजांकडे काडीमोडीची रीत होती, हे आपण विसरतो. ज्या जातींना शूद्र वा अस्पृश्य म्हटले गेले, त्यांतील अनेकींत पंचांसमोर सोडचिठ्ठी होई आणि बाई पाट लावून नवा संसार मांडू शके. विवाह म्हणजे अतूट संस्कार, ही कल्पना प्रामुख्याने वरच्या जातींची. काडीमोडीला ना मुद्रांक लागे ना वकील. पण निवाडा पंचांच्या मर्जीवर असे आणि बाईच्या हाती पोटगीचा हक्क किंवा लेखी पुरावा क्वचितच उरे. रीत स्वस्त होती, पण हक्क म्हणून ती कच्ची होती.

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलावरील चर्चेत नेमका हाच मुद्दा मांडला. हिंदू समाजातील बहुसंख्य शूद्रांमध्ये घटस्फोट रूढच आहे, तेव्हा हा कायदा काही नवे संकट आणीत नाही, असे त्यांनी विरोधकांना ठणकावले. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता. बाबासाहेबांना तो हक्क देशभरातील स्त्रीच्या हाती द्यायचा होता. सप्टेंबर १९५१ मध्ये केवळ विवाह आणि घटस्फोटाचा भाग तरी संमत करू, असे ठरले. चार कलमे होताच तेही सोडून देण्यात आले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच्या कारणांत या बिलाची झालेली उपेक्षा हे एक प्रमुख कारण होते. १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा झाला. त्याच्या कलम २ नुसार तो बौद्धांनाही लागू आहे. त्यातील 'हिंदू' हे नाव आपल्याला बोचते आणि ते बोचणे रास्तच आहे. परंतु त्यातील घटस्फोटाच्या तरतुदीमागे बाबासाहेबांचे श्रम आहेत, हेही तितकेच खरे.

आता वर्तमानाकडे. इंग्लंड आणि वेल्समध्ये ६ एप्रिल २०२२ पासून जोडीदाराचा दोष सिद्ध करावा लागत नाही. विवाहाला एक वर्ष झालेले असावे. विवाहाचा दाखला मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे. गावी मंगल परिणय झाला, पण नोंदणी राहून गेली, अशी कुटुंबे आपल्यात आहेत; त्यांनी हे काम संकटाची वाट न पाहता उरकावे. न्यायालयाने अर्ज दाखल करून घेतल्यापासून २० आठवड्यांनी सशर्त आदेशासाठी अर्ज करता येतो आणि तो आदेश मिळाल्यावर ६ आठवडे व १ दिवसाने अंतिम आदेशासाठी. मुले आणि मालमत्ता यांचे प्रश्न वेगळे सोडवावे लागतात. शुल्क २०१६ मध्ये ५५० पौंड झाले, २०२१ मध्ये ५९३ आणि एप्रिल २०२५ मध्ये ६१२. उत्पन्न व बचत कमी असल्यास ते अंशतः किंवा पूर्ण माफ होऊ शकते. त्यासाठी वेगळा अर्ज आहे. सरकारी खर्चाने मिळणारा वकील मात्र २०१३ पासून अशा बहुतेक प्रकरणांत मिळत नाही. घरगुती अत्याचाराचा पुरावा असल्यास मिळू शकतो.

विवाह भारतात झाला असेल तर आणखी एक पायरी उरते. १९९१ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, परदेशी न्यायालयाचा घटस्फोट सर्वसाधारणपणे तेव्हाच मान्य होईल, जेव्हा तो विवाहाला लागू असलेल्या कायद्यातील कारणावर दिलेला असेल. दुसऱ्या पक्षाने स्वेच्छेने हजर राहून संमती दिली असेल, तर अपवाद होऊ शकतो. येथे दोष सांगावा लागत नाही, तेथे कारण विचारले जाते. म्हणून अंतिम आदेश हाती आल्यावरही भारतातील जाणकार वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा. अन्यथा येथे मोकळी झालेली बाई तेथे विवाहितच गणली जाण्याचा धोका राहतो.

त्या ताईंचा शुल्कमाफीचा अर्ज आम्ही पुढच्या रविवारी भरला. लोक काय म्हणतील, या त्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर आता असे आहे : ताई, हजार पौंडांच्या दाराशी अडलेला मजूर, तुरुंगाला न भ्यालेल्या रखमाबाई आणि मंत्रिपद सोडणारे बाबासाहेब यांच्या वाटेनेच हे अर्जाचे पान तुमच्यापर्यंत आले आहे. ते भरण्यात बौद्ध घराला कमीपणा नाही. कमीपणा असेल तर तो पैशाअभावी किंवा लोकलाजेपायी आपल्यातल्या कुणा बहिणीला ते भरता आले नाही, यात असेल. विहाराच्या दानपेटीचा विनियोग ठरवताना आणि वंदनेनंतरच्या गप्पांत आपण एवढे ध्यानात ठेवावे.

नमो बुद्धाय, जय भीम.