पुन्हा पुन्हा होणारा यीस्टचा संसर्ग

योनिमार्गात खाज सुटते, लघवीच्या वेळी आग होते, दह्याच्या गुठळ्यांसारखा पांढरा स्राव जातो. 'अंगावरून जाते' एवढेच आई-बहिणीच्या कानावर घातले जाते. डॉक्टरांपर्यंत गोष्ट पोहोचत नाही. औषधाच्या दुकानातून मलम येते, चार दिवस आराम पडतो आणि दोन महिन्यांनी सारे पुन्हा सुरू होते.

याचे कारण बहुधा कॅन्डिडा अल्बिकन्स ही यीस्ट प्रकारातील बुरशी असते. अनेक निरोगी स्त्रियांच्या शरीरात ती एरवीही मुकाट्याने नांदत असते. सुमारे ७५ टक्के स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो व त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र वर्षभरात तीन किंवा अधिक वेळा तो उलटला, तर केवळ मलमावर भागवणे योग्य नव्हे.

अशा वेळी पहिली शंका मधुमेहाची घ्यावी. रक्तातील साखर वाढली की बुरशीला आयते खाद्य मिळते आणि तिच्याशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशीही दुबळ्या पडतात. कित्येकदा मधुमेहाचा सुगावा प्रथम या खाजेनेच लागतो. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आल्यास, फेरतपासणीने खात्री करून मधुमेहाचे निदान केले जाते. ही साधी रक्तचाचणी कोणत्याही प्रयोगशाळेत होते. तरीही ट्यूबमागून ट्यूब संपते आणि चाचणी राहूनच जाते. पुरुषांनाही शिश्नाच्या टोकाशी असा त्रास वारंवार झाल्यास हेच लागू पडते.

मधुमेहावरील डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यामुळेही हा संसर्ग होऊ शकतो. तसे झाल्यास डॉक्टरांना सांगावे, गोळ्या परस्पर बंद करू नयेत. प्रतिजैविके रोगजंतूंबरोबर योनिमार्गातील उपकारक जिवाणूंनाही मारतात. स्टिरॉइड्स, गर्भारपण, एचआयव्ही हीही कारणे संभवतात. सगळ्या तपासण्या निर्दोष येऊनही त्रास उलटणाऱ्या स्त्रिया पुष्कळ असतात, हेही खरे. पाव-इडली सोडून मात्र तो थांबेल, असे मानण्यास भक्कम आधार नाही.

मुळात प्रत्येक खाज बुरशीची नसते. जिवाणूंचा संसर्ग, ट्रायकोमोनास किंवा त्वचारोगही तसाच भासतो, आणि स्टिरॉइडमिश्रित मलमे तर रोग झाकून ठेवतात. म्हणून स्रावाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी व कल्चर करून घ्यावे. कॅन्डिडा ग्लाब्राटा निघाल्यास नेहमीच्या फ्लुकोनॅझोलला ती अनेकदा दाद देत नाही. अल्बिकन्सच असल्यास सुरुवातीच्या उपचारानंतर आठवड्याला एक याप्रमाणे सहा महिने फ्लुकोनॅझोलची गोळी सहसा दिली जाते. गर्भवतींनी ही गोळी टाळावी; त्यांच्यासाठी योनिमार्गात वापरायची औषधे आहेत, तीही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.