तळी बुजली, नावे उरली

कोल्हापूरला नव्याने आलेला माणूस कपिलतीर्थाच्या मंडईत भाजी घेताना विचारतो, इथे तीर्थ कुठे आहे? तीर्थ पायाखाली आहे. अंबाबाईच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर एके काळी तळे होते; ते बुजवले आणि त्यावर बाजार भरू लागला. शिवाजी पेठेतले वरुणतीर्थ गांधी मैदान झाले. रावणेश्वराचे देऊळ राहिले, त्याच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभे राहिले आणि पेठांच्या फुटबॉलची ईर्षा तिथे रंगू लागली.

या गावाला तळ्यांचे गाव म्हणत, ते उगीच नव्हे. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची. १८८० नंतरच्या काही वर्षांत कळंब्याच्या तलावाचे पाणी नळाने शहरात आले. त्याआधी पेठेचे तळे म्हणजे पेठेचे पिणे, धुणे, गुरे आणि देव. नळ आल्यावर तळ्याचा गाळ उपसण्याची गरज कोणालाच उरली नाही. तळी बुजण्यामागे रोगराईचे भय आणि जागेची हाव होतीच; पण माझ्या मते पहिले कारण हेच, की तळ्याला धनी उरला नाही.

रंकाळा वाचला तो आकारामुळे. एवढे पाणी बुजवणार कोण? दगडाची जुनी खाण भूकंपाने खचली आणि पाणी भरले, असे परंपरा सांगते. काठचा नंदी रोज गहूभर पुढे सरकतो आणि तांदूळभर मागे येतो. तो पाण्याला टेकला की प्रलय, ही कथा कोल्हापूरच्या पोरांना पाठ असते. पाणी आटले की संध्यामठाचे दगडी खांब पुरते उघडे पडतात. त्यापुढे १९३०च्या दशकातला शालिनी पॅलेस अगदी कालचा. पण ‘वारसा’ म्हटले की छायाचित्र त्याचेच निघते. त्याच पाण्यात सांडपाणी मिसळते, हे छायाचित्रात दिसत नाही.

वारशाच्या यादीत वास्तू येतात, जागांची नावे येत नाहीत. वास्तविक ‘कपिलतीर्थ’ हा शब्द ताम्रपटाइतकाच पुरावा आहे, आणि पाटी बदलली की तो नाहीसा होतो. वरुणतीर्थाचे तसेच झाले; तरुणांच्या तोंडी आता गांधी मैदानच असते. मात्र जोराचा पाऊस झाला की त्या मैदानात पाणी साचते आणि पंप लावून ते उपसावे लागते.