वास्को-द-गामा व साळगावकर फुटबॉल क्लब

वास्को-द-गामा हे गोवा राज्याच्या दक्षिण गोवा जिल्ह्यातील मुरगाव तालुक्याचे ठाणे. लोकसंख्या सु. एक लाख (२०११). ते जुवारी नदीच्या मुखाजवळ मुरगाव द्वीपकल्पावर वसले आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या १६८३ मधील स्वारीनंतर पोर्तुगीज व्हाइसरॉयने राजधानी मुरगावला हलविण्याचा घाट घातला. तथापि तो तडीस गेला नाही. शहराच्या भरभराटीस खरा आरंभ झाला तो १८८८ च्या सुमारास, मुरगाव बंदर मीटरमापी लोहमार्गाने कॅसल रॉकमार्गे ब्रिटिश हिंदुस्थानाशी जोडले गेल्यावर. विसाव्या शतकाच्या मध्यास लोहखनिजाची निर्यात वाढली आणि नदीतून पडावांनी येणारे खनिज येथून जपानकडे जाऊ लागले.

फुटबॉल गोव्यात १८८३ मध्ये फादर विल्यम लायन्स यांनी शिवोली येथे आणला, असे मानले जाते. चर्चच्या शाळांतून तो गावोगावी पसरला. खेळाडूस नोकरी व वेतन देऊन संघ पोसण्याची प्रथा मात्र खाण व जहाज व्यवसायातील घराण्यांनी रुजविली. खाण उद्योजक वासुदेव महादेव साळगावकर यांच्या आश्रयाखाली १९५६ मध्ये स्थापन झालेला साळगावकर क्लब हे त्याचे ठळक उदाहरण होय. शहराचा वास्को स्पोर्ट्‌स क्लब हाही जुना संघ. परंतु राष्ट्रीय पातळीवर शहराचे नाव झाले ते मुख्यत्वे साळगावकरमुळे.

भारतीय संघाचे कर्णधारपद भूषविलेले गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर दीर्घकाळ या क्लबकडून खेळले. त्यांना १९९७ चा अर्जुन पुरस्कार लाभला. क्लबने १९८८ व १९८९ मध्ये फेडरेशन चषक जिंकला. प्रशिक्षक शब्बीर अली यांच्या मार्गदर्शनाखाली १९९८-९९ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकून हा बहुमान प्रथमच गोव्यात आणला. त्यानंतर २०१०-११ ची आय-लीग व २०१४ चा ड्युरँड चषकही त्याने मिळविला. मोठे सामने बहुधा मडगावच्या फातोर्डा मैदानावर होत. वास्कोतील क्रीडांगण म्हणजे लोकमान्यांच्या नावाचे टिळक मैदान.

एका उद्योगसमूहाच्या आश्रयावर उभ्या असलेल्या या व्यवस्थेची मर्यादा पुढे स्पष्ट झाली. इंडियन सुपर लीग (पहिला हंगाम २०१४) शहरांच्या नावे संघ विकणारी स्पर्धा होती. तिला अग्रक्रम देऊन आय-लीगला दुय्यम ठरविण्याच्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रस्तावाचा निषेध म्हणून साळगावकर क्लबने २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतले. स्पोर्टिंग क्लब द गोवा व डेंपो यांनीही तोच मार्ग पतकरला. साळगावकर क्लब त्यानंतर गोव्याच्या राज्य लीगमध्ये खेळत राहिला.

कोरोना साथीच्या काळात, २०२०-२१ मध्ये, सुपर लीगचे अनेक सामने टिळक मैदानावर झाले. परंतु ते प्रेक्षकांविना. देशातील सर्वोच्च स्पर्धा शहरात आली, तेव्हा तीत शहराचा संघ नव्हता आणि मैदानात शहरवासीही नव्हते.