शुक्रवारचा दिवा

माझे माहेर अलिबागकडचे. ‘शनवार तेली’ हे नाव मी प्रथम आजीच्या तोंडून ऐकले. कोकणातल्या बेने इस्रायल लोकांना गावकऱ्यांनी दिलेले ते नाव. हे लोक यहुदी. आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि वाचलेली माणसे नवगावच्या किनाऱ्याला लागली, अशी कथा त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तेलाचे घाणे चालवून ती पोट भरू लागली. पण शनिवारी घाणा बंद. यहुद्यांच्या धर्मात शनिवार हा विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी सूर्यास्ताला तो सुरू होतो आणि घरची बाई दिवा लावून त्याचे स्वागत करते. शेजाऱ्यांनी बंद घाणा पाहिला व त्यावरून नाव पाडले. एवढ्यावर गोष्ट संपली. हे लोक मराठी बोलले, आपल्यासारखेच राहिले. अलिबागेत इस्रायल आळी आहे, तेथे त्यांचे प्रार्थनामंदिरही आहे. १९४८ साली इस्रायल देश झाल्यावर त्यांतले पुष्कळजण तिकडे गेले. पण येथून कोणी हाकलले म्हणून नव्हे.

पुढे यहुद्यांचा इतिहास वाचनात आला तेव्हा मी चरकले. शनिवारी चूल पेटली नाही हे शेजारणीने पाहिले, एवढ्यावरून दुसऱ्या देशात माणसे तुरुंगात पडली आणि चितेवर गेली. तीच हकीकत आज सांगते.

इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे त्यांचे मंदिर पाडले आणि आधीच देशोदेशी विखुरलेले हे लोक आणखी पांगले. युरोपात ख्रिस्ती राज्ये झाली. तेथे ‘येशूला मारणारे’ हा शिक्का त्यांच्या कपाळी बसला. बहुतेक ठिकाणी त्यांना जमीन धरू देत नसत, कारागिरांच्या संघांत घेत नसत. मग पुष्कळांच्या वाट्याला सावकारी आली आणि सावकार म्हणून लोक पुन्हा त्यांचाच द्वेष करू लागले! १२९० मध्ये इंग्लंडने त्यांना हद्दपार केले. १३४८ साली प्लेगची मोठी साथ आली, तेव्हा ‘यहुद्यांनी विहिरींत विष कालवले’ अशी आवई उठली आणि त्यांच्या वस्त्याच्या वस्त्या जाळल्या गेल्या. प्लेगने यहुदीही मरत होते, हे कोणी पाहिले नाही.

स्पेनमध्ये मात्र ते शतकानुशतके नांदले होते. वैद्य, पंडित, कवी त्यांच्यात होऊन गेले. पण १३९१ साली सेव्हिल शहरात दंगा पेटला आणि गावोगाव पसरला. हजारो मारले गेले. जीव वाचविण्यासाठी हजारोंनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणू लागले. धर्म बदलला, आता तरी सुटका झाली असे आपल्याला वाटेल. पण संशय सुटला नाही. हे मनाने यहुदीच आहेत असे म्हणून त्यांची पारख करण्यासाठी राजा फर्डिनांड व राणी इसाबेला यांनी धर्मन्यायालय बसविले. तेच इन्क्विझिशन. १४८१ मध्ये सेव्हिलला पहिली माणसे जाळली गेली.

आता पारख कशी करीत ते ऐका. चर्चमध्ये एक यादी वाचून दाखवीत. कोण शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावतो? कोण शनिवारी धुतलेले कपडे घालतो, धुतलेली चादर अंथरतो? कोण डुकराचे मांस खात नाही? कोण मांसावरची चरबी काढून टाकतो? कोणाच्या घरी शुक्रवारी शिजवलेले अन्न निखाऱ्यावर ठेवून शनिवारी खातात? ज्याला असे काही ठाऊक असेल त्याने येऊन सांगावे; न सांगणे हे पाप.

भगिनींनो, ही यादी नीट पाहा. चूल, दिवा, धुणे, अंथरूण! ही सगळी बाईची कामे. प्रार्थनामंदिरे बंद झाली, ग्रंथ गेले, तेव्हा धर्म उरला तो स्वयंपाकघरात. आणि न्यायालयाचा डोळाही तेथेच वळला. कितीतरी खटल्यांत साक्षी होत्या घरच्या मोलकरणी आणि शेजारणी. साक्षीदाराचे नाव आरोपीला सांगत नसत. कोणी काय सांगितले याचा त्या बाईने कोठडीत बसून तर्क करायचा. आणि दोषी ठरली की घरदार जप्त.

३१ मार्च १४९२ रोजी हुकूम निघाला की बाप्तिस्मा न घेतलेल्या यहुद्यांनी जुलैअखेर स्पेन सोडावा. सोने, चांदी, नाणी नेण्यास बंदी होती. काहीजण तुर्कस्तानच्या सुलतानाच्या राज्यात गेले; तेथे त्यांना आसरा मिळाला. पुष्कळजण शेजारच्या पोर्तुगालात शिरले. तेथे १४९७ साली राजाने त्यांची लहान मुले आयांच्या हातून ओढून घेऊन त्यांना बाप्तिस्मा दिला. पाठोपाठ मोठ्यांवरही जबरदस्ती केली. पुढे १५३६ मध्ये तेथेही इन्क्विझिशन आले.

अशाच एका निर्वासित घरातला मुलगा म्हणजे वैद्य गार्सिया द ओर्ता. १५३४ साली तो गोव्यास आला. अहमदनगरच्या निजामशहाला त्याने औषधे दिली. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. आपल्याकडील औषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. तोवर, १५६० सालीच, इन्क्विझिशन गोव्यात पोहोचले होते. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला यहुदी धर्म पाळल्याबद्दल जिवंत जाळले. १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली. मेल्यावरही सुटका नाही!

गोव्यातल्या हिंदूंनाही ही झळ लागली, हे आपण जाणतोच. १७३६ सालच्या हुकुमात बाटलेल्या घरांना तुळस लावण्याची बंदी झाली. यादी तीच, दिव्याच्या जागी तुळस आली, इतकेच.

यानंतरचा मोठा घाला जर्मनीत पडला. १९३५ च्या कायद्याने हिटलरच्या सरकारने आजा-आजी कोण होते ते मोजून यहुदी ठरविले. बहुतेकांना स्वतःचा धर्म कोणता, हे विचारलेच नाही. १९४५ पर्यंत साठ लाख यहुदी मारले गेले. त्यांत दहा लाखांहून अधिक मुले होती. तेथेही कितीतरी ठिकाणी लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा शेजाऱ्यांनीच पोचविला; आणि काही शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून त्यांना लपविलेही.

हे वाचताना मला एक जुनी गोष्ट आठवली. चाळीत एक नवे बिऱ्हाड आले होते. नळावर आम्ही बायका त्यांच्याविषयी बोलत असू. काय शिजते, दोरीवर काय वाळते, कोण येते-जाते. त्यात एक गोष्ट मी पुरविली होती. बोलणे मालकाच्या कानी गेले आणि दोन महिन्यांत त्यांना खोली सोडावी लागली. माझ्या मनात वाईट काहीच नव्हते. पण त्या साक्षीदार बायकांच्या मनात तरी दरवेळी कोठे असेल? त्यांनी पाहिले आणि सांगितले.

शेवटी एक चांगली हकीकत. पोर्तुगालच्या डोंगराळ भागात बेलमोंते नावाचे गाव आहे. १९१७ साली सॅम्युएल श्वार्झ नावाच्या पोलंडच्या यहुदी खाण-अभियंत्याला तेथे कळले की काही घरे गुपचूप यहुदी धर्म पाळतात. चारशे वर्षे! ना मंदिर, ना ग्रंथ, ना गुरू. आईने मुलीला तोंडी प्रार्थना शिकवायची, आणि शुक्रवारचा दिवा मडक्यात लपवून लावायचा, म्हणजे रस्त्यावरून दिसू नये. हा माणूस यहुदी आहे हे त्या बायकांना पटेना. तेव्हा त्याने हिब्रू प्रार्थना म्हटली. त्यातला देवाचे नाव सांगणारा ‘अदोनाय’ हा एकच शब्द त्यांनी ओळखला आणि मग त्याला आपला म्हटले. १९९६ मध्ये त्या गावात उघड प्रार्थनामंदिर झाले.

मडक्यातला तो दिवा बायकांनी जपला, याचा मला अभिमान वाटतो. पण तो मडक्यात घालावा लागला तो आपल्यासारख्याच बायकांच्या डोळ्यांमुळे, हेही विसरवत नाही. शेजारणीच्या घरात आपल्याला निराळे काही दिसेल, दिसणारच. माझ्या आजीच्या गावाने शनिवारचा बंद घाणा पाहिला, एक नाव दिले आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरी तेल आणायला माणूस पाठविला. आपल्या मंडळाकडून मला एवढेच हवे आहे.