सुताराचं कटर आणि 'ग्राहक' हा शब्द

समजा, खामगावातला एक सुतार आहे. त्याने नवं कटर मशीन घेतलं, पक्कं बिल घेतलं, वॉरंटी कार्डावर शिक्काही मारून घेतला. तिसऱ्या महिन्यात आर्मेचर जळलं. दुकानदार म्हणतो, अकोल्याला सर्व्हिस सेंटरला दाखवा. तिथला माणूस म्हणतो, तुम्ही मशीन धंद्यासाठी वापरता, वॉरंटी बसत नाही. आता बोला! कटर काय शोकेसमध्ये ठेवायला घेतलं होतं?

या भांडणामागे कायद्याचा बराच इतिहास आहे.

खराब माल विकला तर दाद मागायला 1930 चा मालविक्री कायदा होताच, आजही आहे. पण त्यासाठी दिवाणी कोर्ट, वकील, तारीख पे तारीख. चार हजारांच्या मशीनसाठी कोण जाणार? महाराष्ट्रात या रागाला संघटनेचं रूप दिलं बिंदुमाधव जोशींनी. 1974 साली त्यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पुढे 24 डिसेंबर 1986 ला ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि जिल्ह्याजिल्ह्यात मंच आले. वस्तू दुरुस्त करून द्या, बदलून द्या किंवा पैसे परत करा, असा हुकूम मंच देऊ शकत होता.

पण एक मेख होती. 'व्यावसायिक हेतूने' वस्तू घेणारा माणूस या कायद्यात ग्राहकच नव्हता. हेतू हा की बड्या कंपन्यांनी आपली भांडणं इथे आणू नयेत. ठीक आहे. पण मग सुतार, शिंपी, रिक्षावाला? कंपनीच्या आणि सुताराच्या 'धंद्या'त फरक आहे की नाही?

तो फरक 1993 च्या दुरुस्तीने मान्य केला. स्वयंरोजगार करून पोट भरण्यासाठी वस्तू घेतली आणि स्वतःच वापरली, तर तो व्यावसायिक हेतू नाही.

याची खरी परीक्षा महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात झाली. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या लघुउद्योगाने संगणकावर चालणारं महागडं मशीन मागवलं होतं. ते उशिरा आलं, सदोष निघालं, अशी तक्रार. राज्य आयोगाने भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगाने काढून घेतली. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हा उद्योग हरला. मशीनचं स्वरूप पाहता ते एकट्याच्या पोटापाण्याचं वाटत नाही, असं न्यायालय म्हणालं. पण गंमत बघा, हरलेल्याच्याच निकालातून आपला सुतार जिंकला! टायपरायटर घेऊन स्वतः टाइप करणारा, रिक्षा घेऊन स्वतः चालवणारा, लेथ मशीन स्वतः चालवणारा, हे सगळे ग्राहकच, असं त्यात स्पष्ट लिहिलं. मदतीला एक-दोन माणसं असली तरी चालतं.

2019 च्या नव्या कायद्यातही हे कायम आहे. शिवाय सोय वाढली. कंपनी कुठलीही असो, तक्रार आता आपल्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे बुलढाण्याच्या आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी 1915 या हेल्पलाइनला फोन करून बघायला काहीच हरकत नाही.

फक्त अर्जात एक वाक्य विसरू नका: 'हे मशीन मी स्वतः चालवतो आणि त्यावरच माझं पोट आहे.' समोरचा वकील सगळ्यात आधी तेच शोधतो.