कापून बेतलेला रेणू

1980च्या दशकाअखेरी दिल्लीच्या हवामान केंद्रात अमेरिकेहून क्रे एक्स-एमपी/14 हा महासंगणक आला. भारताने मागितला होता दोन प्रोसेसरांचा. मिळाला एकाच प्रोसेसरचा, तोही कडक अटींवर. हवामानासाठी आणलेल्या त्या यंत्राचा रसायनवाल्यांना काही उपयोग नव्हता.

आणि रसायनात खनिजांची ऊर्जा संगणकावर काढायची, तर त्या हिशेबाची भूक भलतीच मोठी. पुणे-नाशिककडच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणारा स्टिल्बाइट हा झिओलाइट घ्या. सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनची जाळी सरत नाही, म्हणून रसायनज्ञ पूर्वीपासून तिचा एक तुकडा कापून घेतात आणि तुटलेल्या बंधांच्या टोकांना हायड्रोजन लावतात. पण तुकडाही लहान नसतो. झेडएसएम-5 या कृत्रिम झिओलाइटच्या एका एककातच सिलिकॉन-अ‍ॅल्युमिनियमचे मिळून 96 आणि ऑक्सिजनचे 192 अणू. त्यात एमपी2 या क्वांटम रसायनाच्या पद्धतीने ऊर्जा काढायची तर आकार दुप्पट झाला की वेळ 32 पट.

पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांच्या गटाने हीच कापाकापी पुढे नेली. 1988 साली पुण्यात सी-डॅक हे संगणक संशोधन केंद्र सुरू झालं, 1991 साली विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ‘परम 8000’ हा महासंगणक उभा राहिला. त्यात ट्रान्सप्युटर नावाच्या चिप एकत्र राबत होत्या. अशा यंत्राला काम वाटून द्यावं लागतं, आणि ते वाटप करणाऱ्या आज्ञावल्या गद्रे आणि त्यांचे सहकारी शिरसाट व लिमये लिहीत होते. 1994 साली या तिघांनी ‘मॉलिक्युलर टेलरिंग’ मांडलं. मोठा रेणू एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांत कापायचा, प्रत्येक तुकड्याचं गणित वेगळं करायचं, मग शिंप्यासारखं सगळं जोडायचं. पुढे 2006 साली याच मार्गाने ऊर्जेचाही हिशेब बसवला: तुकड्यांच्या ऊर्जांची बेरीज करायची आणि दोनदा मोजला गेलेला सामाईक भाग वजा करायचा. वजाबाकीत जास्त गेलं, तर ते परत मिळवायचं. शाळेतल्या संचांच्या गणितापलीकडे यात काही नाही, आणि मला त्याचंच कौतुक वाटतं.

ही कल्पना एकट्या पुण्याला सुचली असं नाही. वैताओ यांग यांनी 1991 साली ‘तोडा आणि सोडवा’ मांडलं होतं, जपानच्या कितौरांची तुकड्यांची पद्धत 1999 सालची. म्हणजे पुण्याचं शिंपीकाम जपानच्या पाच वर्षं आधीचं. अमेरिकेने मोठं यंत्र अडवलं म्हणून परम घडला, ही गोष्ट आपण हौसेने सांगतो. त्या काळात इथेच बेतलेल्या या पद्धतीचं नाव मात्र रसायनाच्या वर्गाबाहेर कुणी घेत नाही, हे काही बरं नाही.