नोंद आणि हक्क : गद्धेगाळीपासून ई-फेरफारापर्यंत

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने जमिनीच्या कागदांवर काय बोलायचं, असं कुणाच्या मनात आलं असेल तर त्यात वावगं काही नाही. पण माझा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे. सातबारा आज फोनवर दिसतो, त्यावर आपलं नाव असतं. ते नाव तिथे आहे म्हणून जमीन आपली, की जमीन आपली आहे म्हणून नाव तिथे? बेलवलीसारख्या गावात, जिथे भाताची खाचरं जाऊन तिथे सात-सात मजले उभे राहिले, तिथे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

जरा मागे जाऊ. अंबरनाथचं शिवमंदिर सगळ्यांनी पाहिलंय. तिथला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा, शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातला. हे शिलाहार उत्तर कोकणात राज्य करत होते, आणि जमीन दान दिली की ते ताम्रपट देत किंवा शिळा उभी करत. अशा काही शिळांना आपण गद्धेगाळ म्हणतो. वर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत हे दान टिकावं. मध्ये दानाचा मजकूर. आणि खाली गाढवाचं ते चित्र, म्हणजे दान मोडणाऱ्याला आईवरून शिवी. चित्रात, कारण वाचता येणारे थोडे होते. आपण त्या चित्राला हसतो. पण त्या दगडाचं काम नीट पाहा. तो उघड्यावर उभा आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो, आणि हक्काला आव्हान देणाऱ्याला आधीच बजावतो. नोंद, जाहीरपणा आणि धाक, तिन्ही एकाच दगडात. पुढच्या हजार वर्षांत ही तीन कामं एकमेकांपासून सुटी झाली, आणि माझ्या मते आजचा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

मराठेशाहीतली वतनपत्रं, मोडीतले महजर यांवर बोलायला लागलो तर संध्याकाळ पुरणार नाही. इंग्रजांकडे येतो. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५च्या सुमारास इंदापूरपासून नव्या मोजणीची पद्धत बसवली, ती सारा ठरवण्यासाठी. सरकारला हवं होतं ते पैसे देणाऱ्याचं नाव. १९०३मध्ये मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा, म्हणजे रेकॉर्ड ऑफ राइट्सचा कायदा आला, तो पुढे १९१३मध्ये जमीन महसुलाच्या संहितेत गेला. आपला सातबारा हा त्याचाच वंशज. गाव नमुना ७ हा अधिकार अभिलेख, १२ ही पिकांची नोंद. बदल नोंदवायचा नमुना ६, तोच फेरफार.

दुसरीकडे वेगळंच खातं चाललं होतं. १८८२चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा म्हणाला, शंभर रुपये आणि त्यावरच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेच होईल. (ती शंभरची मर्यादा आजही तशीच आहे! आज शंभर रुपयांत मातीची एक पाटी मिळणार नाही.) १९०८च्या नोंदणी कायद्याने दुय्यम निबंधकाचं कार्यालय आजच्या रूपाला आलं. पण दुय्यम निबंधक काय पाहतो? दस्त करून देणारा माणूस तोच आहे का, सही कबूल करतो का, मुद्रांक भरलाय का. विकणाऱ्याचा मुळात हक्क आहे का, याचा निवाडा तो करत नाही. आपल्याकडे नोंदणी होते ती दस्ताची, हक्काची नव्हे.

आणि सातबारा? १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५७ सांगतं की नोंद खरी धरावी, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने मालकी मिळत नाही, ती नोंद महसुलापुरती, असं सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलंय. म्हणजे दस्तही पुरा नाही आणि सातबाराही पुरा नाही. म्हणून वकील तीस-तीस वर्षांचा सर्च काढतात.

असं सगळीकडे नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स या गृहस्थाने १८५८मध्ये वेगळा कायदा आणला. तो जकात खात्यातला माणूस. जहाजांच्या नोंदणीवरून त्याला कल्पना सुचली असं सांगतात. नोंदवहीत ज्याचं नाव तो मालक, मागचे दस्त धुंडाळायचे नाहीत. नोंदीत चूक होऊन कुणाचा हक्क बुडाला तर त्याला निधीतून भरपाई. न्यू साउथ वेल्सने ११ ऑक्टोबर २०२१ला कागदी मालकीपत्रं रद्दच केली, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. कारण कागद जाण्याच्या कितीतरी आधी सरकारने हमी घेतली होती. आपण कागद घालवतोय, हमी अजून घेतलेली नाही.

इथे शेजारच्या उल्हासनगरची आठवण काढली पाहिजे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली. १९४९मध्ये तिचं उल्हासनगर झालं. या माणसांची घरं, दुकानं दुसऱ्या देशात आणि त्यांचे दप्तरही तिकडेच. १९५०मध्ये दावे तपासण्याचा कायदा झाला, १९५४मध्ये भरपाईचा. मागे राहिलेलं घर आपलं होतं हे इथे बसून सिद्ध करायचं, मग बरॅकीतली खोली सनदेने नावावर. कागदाविना हक्क कसा दाखवायचा हा पेच आपल्या पंचक्रोशीने संगणकाच्या कितीतरी आधी सोसलेला आहे.

आता संगणक. केंद्राने १९८८-८९मध्ये देशातले आठ जिल्हे प्रयोगासाठी घेतले, त्यात महाराष्ट्रातला वर्धा होता. २००२च्या सुमारास नोंदणी कार्यालयांत 'सरिता' प्रणाली आली, २०१२मध्ये 'आय-सरिता'. त्याआधी काय होतं हे तरुणांना सांगून पटत नाही. मूळ दस्त छायाचित्रणासाठी पुण्याला जायचा आणि परत यायला महिने, कधी वर्षं लागायची. आता तो अर्ध्या तासात हातात. १ मे २०१८पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. कागद फार प्रामाणिक होता असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाका. कागदावर खाडाखोड करता येते, पान फाडता येतं, पान 'सापडत नाही'. आणि २६ जुलै २००५ला उल्हास नदीने बदलापुरात लोकांच्या ट्रंकांमधल्या कागदांचं काय केलं, ते पश्चिमेच्या लोकांना मी सांगायला नको. त्यामुळे मी संगणकाच्या विरुद्ध नाही.

लोक मला डीमॅटचा दाखला देतात. १९९६पासून शेअर संगणकात गेले, जमीन का जाऊ नये? इथे विचाराची गल्लत आहे. शेअरला नोंदीबाहेर अस्तित्वच नाही. नोंद म्हणजेच शेअर. जमिनीवर मात्र कुणीतरी उभं असतं. कूळ असतं, विहिरीची वाट असते, बारा वर्षांचा कब्जा असतो, दिवाणी कोर्टातला दावा असतो. यातलं पुष्कळसं पडद्यावर येतच नाही. आमच्या न्यायशास्त्रात शब्द हे प्रमाण मानतात, पण बोलणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह असेल तर. संगणक शब्द जसाच्या तसा दाखवतो. तो शब्द आत घालणारा आप्त होता का, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून तर २०१७मध्ये संगणकातला सातबारा हस्तलिखिताशी जुळतो का हे पाहायला गावोगाव चावडी वाचन करावं लागलं.

ही चावडी मला महत्त्वाची वाटते. दस्त नोंदला की माहिती तलाठ्याकडे जाते, फेरफाराला क्रमांक पडतो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर प्रकरण तक्रारीच्या नोंदवहीत. सगळ्या यंत्रणेत हक्काचं खरं रक्षण त्या पंधरा दिवसांत आहे. पूर्वी नोटीस चावडीवर लागायची, चार माणसं वाचायची, "अरे, तुझ्या वाटणीचं काहीतरी लागलंय बघ" असं कुणीतरी घरी येऊन सांगायचं. आता 'आपली चावडी' नावाचं संकेतस्थळ आहे. इथल्या किती जणांनी ते उघडलंय? हात वर करा. ... बघा.

पण जुन्या चावडीचे गोडवेही मी गाणार नाही. तिथे बसायची पुरुष मंडळी. लग्न होऊन नाशिकला गेलेल्या बहिणीचं नाव वारस नोंदीत गाळलं, तर चावडीवर कुणी ओरडत नव्हतं. १९९४मध्ये महाराष्ट्राने आणि २००५मध्ये देशाने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क दिला, तरी रक्षाबंधनाच्या आसपास हक्कसोडपत्रावर सह्या होतच राहिल्या. आज ती बहीण नाशिकला बसून माहेरचा सातबारा उघडू शकते. हे कागदाने तिला कधीच दिलं नव्हतं. तिला नोटीस मात्र फोनवर मिळाली पाहिजे, आणि त्यासाठी तिचं नाव आधी वारसांत असलं पाहिजे. तिथे घोडं पुन्हा माणसापाशीच अडतं.

शेवटी तुमच्या इमारतींबद्दल. फ्लॅट घेतला, इंडेक्स टू कपाटात आहे, घरपट्टी तुमच्या नावावर. पण इमारतीखालच्या जमिनीचा सातबारा उघडा. पुष्कळ ठिकाणी तिथे अजून मूळ शेतकऱ्याचं, नाहीतर त्याच्या वारसांचं नाव दिसेल. १९६३च्या कायद्याप्रमाणे बिल्डरने जमीन संस्थेच्या नावावर करून द्यायची. करारात वेगळी मुदत नसेल तर संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत. तो देत नाही म्हणून २००८मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आली: संस्थेने जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायचा आणि बिल्डरच्या सहीशिवाय जमीन मिळवायची. इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली की हा प्रश्न उभा राहतो, आणि तोवर वारस चाराचे चाळीस झालेले असतात. सातबारा पाहाल तेव्हा मालकाच्या नावावर थांबू नका. उजवीकडचा 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचा. कूळ, बोजा, न्यायालयाचा मनाई हुकूम, सगळं तिथे लिहिलेलं असतं. आणि खाली जुन्या फेरफारांचे क्रमांक असतात, त्यांच्या नकला मागवा. काही मोडीत निघतील. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत. लागली तर मला विचारा. आता प्रश्न घेऊ.